कोळसुंदा : दंतकथा आणि शब्द

लांजा तालुक्याची पूर्वेकडील बाजू सह्याद्रीच्या कड्यांना भिडते. माचाळ, विशाळगड आणि त्यापलीकडील घाटमाथा या डोंगरपट्ट्यात ज्या श्वापदाभोवती अद्भुताचे वलय उभे राहिले, ते म्हणजे कोळसुंदा, अर्थात रानकुत्रा. ही कुत्री झुडपांवर मूत्र शिंपून ठेवतात, अथवा शेपटीने ते सावजाच्या डोळ्यांत उडवितात. सावज आंधळे होते व वाघाचाही इलाज चालत नाही, अशी समजूत आहे. ही कथा केवळ कोकणची मानणे मात्र चूक ठरेल. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज शिकाऱ्यांनी ती भारताच्या इतर प्रांतांतूनही नोंदविली आहे.

कथेची चिकित्सा करू जाणारे बहुधा नावापाशीच घसरतात. ‘कोळसा’ शब्दावरून हे जनावर काळे असावे, असा तर्क केला जातो. वस्तुतः त्याचा रंग तांबूस. काळी असते ती झुबकेदार शेपटी. कर्नल साइक्स याने १८३१ साली दख्खनच्या रानकुत्र्याचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा मराठी नाव ‘कोळसून’ असे दिले. रोमन लिपीत ‘न’ आणि ‘ण’ यांचा भेद राहत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे उत्तरपदात जुन्या मराठीतील व आजच्या कोकणीतील ‘सुणें’ (कुत्रे) स्पष्ट दिसते. ‘सुंदा’तील दकार हा मागाहून आलेला आगम मानावयास हरकत नाही. पूर्वपद ‘कोल्हा’ असेल, हे मात्र पटत नाही. प्राकृत ‘कोल्हुअ’मधील ‘ल्ह’ मराठीत टिकला आहे. त्याचा येथेच ‘ळ’ का व्हावा? उलट संस्कृत ‘कोल’ म्हणजे रानडुक्कर, आणि स्वरमध्यस्थ लकाराचा ळकार हा तर मराठीचा नित्याचा नियम (फल–फळ, काल–काळ). डुकरामागे लागणारे सुणें, हा अर्थ अधिक सयुक्तिक होय.

मूत्राच्या कथेलाही निरीक्षणाचा काही आधार असावा. रानकुत्री सावजाच्या डोळ्यांवर चावे घेतात. गंधखुणेसाठी कधी पुढच्या पायांवर उभी राहून मूत्रविसर्जन करतात. या दोन गोष्टी एकत्र सांधल्या गेल्या असाव्यात. परंतु शिकारी लेखकांनी कथेतील अद्भुत गाळून क्रौर्य तेवढे उचलले. किपलिंगने १८९५ मध्ये दख्खनहून आलेल्या तांबड्या कुत्र्यांची झुंड रंगविली, तीही केवळ संहारक म्हणून. ब्रिटिश अमदानीत रानकुत्रा मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळे. संरक्षण लाभले ते १९७२ च्या कायद्याने. गावकऱ्याच्या कथेत भयाबरोबर आदरही आहे: वाघाला हटविणारे सामान्य जनावर नव्हे. भाषांतरात हा आदर नाहीसा झाला, आणि मराठी लेखकांनी पुढे तेच भाषांतर पुन्हा मराठीत आणले, ही खेदाची गोष्ट होय.

कोळसुंदा, कोळसिंदा, कोळशिंदा या रूपांची गावनिहाय नोंद अद्यापि व्हावयास हवी. ती लांज्यापासून आरंभिणे सोयीचे, कारण येथून कोकणी ‘सुणें’चा प्रदेश फार दूर नाही.