मदतनीस आणि द्वंद्वाचं मर्म

मंडळी, आता ‘व्हॅनगार्ड प्रिन्सेस’ या फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या जपानी फायटिंग गेमकडे वळू. तोमोआकी सुगेनो यांनी तो जवळजवळ एकहाती, ‘टूडी फायटर मेकर सेकंड’ या तयार साधनावर रचला आणि २००९ साली फुकट खुला केला. एका माणसाच्या हातून इतकं डौलदार अ‍ॅनिमेशन उतरावं, याचं कौतुक करायलाच हवं.

उणिवाही सांगतो. लढणाऱ्या सगळ्या मुली; आणि चित्रकाराची नजर लढतीपेक्षा त्यांच्या अंगावरच जास्त रेंगाळते. पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. इथे प्रत्येक खेळाडू सोबत एक मदतनीस निवडतो. बटण दाबलं की ती हल्ला चढवते, समोरच्याला बचावात अडकवते, आणि आपण पुढे सरकतो. डावपेच वाढतात, हे खरं. पण द्वंद्वाचं मर्म काय? मार बसला तर तो कुणाच्या चुकीमुळे, हे दोघांनाही कळणं. इथे हरणाऱ्याला विचारा, ‘कशामुळे हरलास?’ त्याला धड सांगता येत नाही. आणि कारणच कळलं नाही, तर तो शिकणार काय?

गेम जरूर खेळा. फक्त एक फेरी मदतनिसाला न बोलावता खेळून बघा; फरक हातालाच कळेल.