बिनशब्दांची गोष्ट

माध्यमशिक्षणाच्या वर्गांत विद्यार्थ्यांना एक काम हमखास दिलं जातं. संवाद नको, निवेदन नको, पार्श्वसंगीत नको. फक्त ध्वनिमुद्रित आवाजांतून तीन-चार मिनिटांची गोष्ट सांगा. या प्रकाराला आपण ध्वनिकथा म्हणू. अशा ध्वनिकथा ओळीनं ऐकायला बसलं की लवकरच त्यांचा साचा लक्षात येतो. गजर वाजतो. जांभई, नळाचं पाणी, कपात फिरणारा चमचा, लागणारं दार. मोटारसायकल सुरू होते, हॉर्न, करकचून ब्रेक, फुटलेली काच, रुग्णवाहिका, आणि शेवटी अतिदक्षता विभागातल्या यंत्राची टुकटुक लांबत जाऊन एकसुरी होते. मुद्रण स्वच्छ असतं, जोडकाम सफाईदार असतं, गोष्ट मात्र कोणाचीच नसते. गजर इंटरनेटवरच्या ध्वनिसंग्रहातून उतरवलेला असतो, दार कुठल्या तरी परक्या घराचं असतं, आणि रुग्णवाहिकेचा भोंगा तर आपल्या रस्त्यांवर कधी वाजलेलाच नसतो.

मराठीतल्या ध्वनिकथेचं आजचं दुखणं मला इथे दिसतं. आवाज आपण होऊन फार थोडं सांगतो. तो कशाचा, कुठला, कोणत्या वेळचा हे ऐकणाऱ्याला आधी ठाऊक असावं लागतं, आणि त्या ओळखीच्या आधारावरच बिनशब्दांची गोष्ट पुढे सरकते. ओळख जितकी नेमकी, तितकी गोष्ट खोल जाते. सगळ्या जगाला कळेल असा आवाज निवडला की हाती येतो तो गजर आणि ब्रेक. म्हणून ही कला गावाची, वस्तीची, आळीची झाल्याशिवाय मोठी होणार नाही असं माझं ठाम मत आहे.

मांडवगण फराटा घ्या. शिरूर तालुक्यातलं भीमाकाठचं गाव. नदी ओलांडली की दौंड तालुका. दोन्ही तीरांवर ऊस. शेतीपंपांची थ्री फेज वीज वर्षानुवर्षं पाळ्यांनी मिळत आली आहे, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की घरातल्या कोणाला तरी दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, रानात जावंच लागतं. हा सगळा भाग बिबट्यांचा. उसात त्यांची पिल्लं जन्मतात आणि उसातच वाढतात. रात्री रानात जाणाऱ्यानं एकटं जाऊ नये, काठी-बॅटरी बरोबर ठेवावी, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावावीत, असं वनखात्याची माणसं सांगत असतात.

आता एवढ्यावर एक ध्वनिकथा रचून पाहू. रातकिड्यांची सलग किर्र. लांब वस्तीवर एक कुत्रं. विहिरीवरच्या पेटीत स्टार्टरचा खटका पडतो, मोटारीची घरघर चढते. पाइपातून आधी हवा येते, दोन-तीन गचके बसतात, मग पाण्याची धार मोकळी होते. चिखलात गमबूट. फावड्यानं माती ओढली जाते आणि पाणी एका सरीतून दुसरीत वळतं. भरलेल्या सरीत त्याचा आवाज दबतो, कोरड्या सरीत शिरताना सळसळतो. या सगळ्यावर मोबाइलवरचं गाणं चाललेलं आहे. ते माणसाबरोबर फिरतं, कधी जवळ, कधी उसाआड. मग बॅटरी संपत आल्याची बारीक टिंगटिंग. फावडं थांबतं. गाणं आणखी थोडा वेळ चालतं आणि मधेच तुटतं. उरतात मोटार, पाणी आणि रातकिडे. फावडं पुन्हा चालू लागतं, पण आता त्याची लय जलद आहे. वस्तीवरचं कुत्रं एकदम जोरात भुंकतं आणि गप्प होतं. उसातून लाकडावर करवत ओढावी तसा, खरखरत ये-जा करणारा आवाज येतो. बिबट्याची हाक अशीच असते. फावडं थांबतं. इथेच वीज जाते, मोटार घरघरत खाली येते.

ही गोष्ट शहरातल्या श्रोत्याला कितपत कळेल? मोटार आणि पाणी कळेल. गाणं म्हणजे विरंगुळा, असं त्याला वाटेल. मांडवगणच्या माणसाला मात्र पहिल्या मिनिटापासून ते गाणं भीतीचं म्हणून ऐकू येईल, आणि टिंगटिंग झाली तिथेच त्याच्या पोटात गोळा येईल. सगळं नाट्य त्या एका क्षुल्लक आवाजात आहे. करवतीचा आवाज काढून टाकला तरी चालेल. माझा सल्ला विचाराल तर काढूनच टाकावा. ज्या तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली आहेत, तिथे त्याच्या हाकेचा उपयोग श्रोत्याला दचकवण्यासाठी करणं हलकं काम होईल. कुत्र्याचं गप्प होणं पुरेसं आहे.

असं ऐकणं आपल्याकडे नवं नाही. भिंतीआड बसलेल्या माणसाला दारावर कोण आलं ते आवाजावरून कळत असे: चिपळ्या वाजल्या की वासुदेव, आसुडाचा फटका आला की पोतराज, गुबुगुबु ऐकू आलं की नंदीबैल. माणूस दिसण्याआधीच घरात धान्याचं सूप हललेलं असे. त्या कानाला ध्वनिकथा शिकवावी लागणार नाही.

शिकवावं लागेल ते मुद्रण. बहुतेक विद्यार्थी मोबाइलवर आवाज टिपतात आणि त्यात काही वावगं नाही. पण मोबाइलमधली मुद्रणाची व्यवस्था बोलण्यासाठी आखलेली असते. आवाज बारीक झाला की ती आपण होऊन त्याला वर उचलते, मोठा झाला की दाबते. वरच्या गोष्टीत गाणं तुटल्यावर जी पोकळी पडायला हवी, तिथे फोन रातकिड्यांना वर ओढून गाण्याच्या जागी आणून बसवील आणि पोकळी भरून जाईल. गोष्ट तिथेच मेली. म्हणून ज्या ॲपमध्ये किंवा रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी हातानं ठरवता येते तेच वापरावं, माइकवर वाऱ्यासाठी केसाळ टोपी चढवावी, आणि प्रत्येक जागेचा नुसता, काहीच घडत नसतानाचा आवाज काही मिनिटं टिपून ठेवावा. जोडकाम करताना दोन तुकड्यांमधला सांधा त्यानंच बुजतो. हिवाळ्याच्या रात्री मुद्रणाला चांगल्या. जमिनीलगतची हवा थंड आणि वरची त्या मानानं उबदार असली की वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो, त्यामुळे लांबच्या देवळातलं भजन शेजारी चालल्यासारखं ऐकू येतं. अंतरांची गोष्ट सांगणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे.

मराठीत नुसत्या आवाजाचं माध्यम हाती येऊन शंभर वर्षं होत आली. मुंबईचं रेडिओ केंद्र 1927 मध्ये सुरू झालं, पुण्याचं 2 ऑक्टोबर 1953 रोजी. पुणे केंद्रावरून 1955–56 मध्ये ‘गीतरामायण’ प्रसारित झालं, मुंबईच्या ‘प्रपंच’मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी घराघरांत पोचले, श्रुतिका तर शेकड्यांनी झाल्या. या सगळ्याबद्दल मला अपार आदर आहे. तरीही ही शब्दांची कला होती हे मान्य करायला हवं. श्रुतिकेत दार वाजतं आणि लगेच पात्र म्हणतं, कोण आलंय एवढ्या रात्री? पाऊस पडतो आणि पात्र पावसाबद्दल बोलतं. आवाजानं सांगितलेलं शब्द पुन्हा सांगतात. यात लेखकांची उणीव कमी आणि प्रसारणाची अडचण जास्त होती. मध्यम लहरींवर खरखर असे, आवाजाचा पट्टा अरुंद असे. पाण्याचं सरीत वळणं त्यातून ऐकणाऱ्यापर्यंत पोचलंच नसतं. शब्द पोचायचे, म्हणून भरवसा शब्दांवर. हेडफोन लावून ऐकणाऱ्या आजच्या श्रोत्याला ती अडचण नाही. सवय मात्र राहून गेली आहे.

या बाबतीत मला व्यंकटेश माडगूळकरांची राहून राहून आठवण होते. 1955 पासून त्यांनी पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांत दीर्घकाळ काम केलं, आणि त्याच माणसानं ‘सत्तांतर’ लिहिलं: वानरांच्या टोळ्यांचा संघर्ष, माणसाच्या एका संवादाशिवाय. रान कानानं वाचणारा लेखक आणि ध्वनीचं माध्यम एकाच माणसात होतं. तरीही बिनशब्दांची गोष्ट मराठीत कागदावरच घडली. ‘सत्तांतर’ ध्वनिकथा म्हणून करायचं कोणी मनावर घेतलं, तर एका पिढीचं शिक्षण त्यातून होईल.

बाहेरच्या जगात हा रस्ता बराच मळलेला आहे. रेडिओसाठी म्हणून लिहिलेल्या अगदी पहिल्या नाटकांपैकी रिचर्ड ह्यूज यांचं ‘डेंजर’ 1924 मध्ये बीबीसीवर झालं. ते कोळशाच्या खाणीत, दिवे गेल्यावरच्या अंधारात घडतं, म्हणजे न दिसणं हाच त्याचा विषय. 1930 मध्ये वॉल्टर रुटमान यांनी बर्लिनमध्ये ‘वीकएंड’ केलं. फिल्मच्या ध्वनिपट्टीवर टिपलेले आवाज कापून-जोडून, चित्राशिवाय, सुमारे अकरा मिनिटांत त्यांनी शहराची सुट्टी उभी केली. 1948 मध्ये पिएर शेफेर यांनी पॅरिसच्या स्थानकात आगगाड्या मुद्रित करून त्यांचीच रचना बांधली. आमच्या दौंड जंक्शनवर रात्री डबे जोडताना-सोडताना जे आवाज होतात, त्यांत अशा कितीतरी रचना आहेत. 1978 मध्ये अँड्र्यू सॅक्स यांचं ‘द रिव्हेंज’ बीबीसीवर आलं: अर्धा तास, एकही संवाद नाही. ते धाडसी होतं, पण त्याचा सगळा भार धापा, पावलं आणि झटापट यांवर. आजच्या विद्यार्थ्यांच्या अपघातकथा नकळत त्याच वाटेनं जातात.

मला जास्त जवळचे वाटतात ल्यूक फेरारी. अ‍ॅड्रियाटिक समुद्राकाठच्या एका मच्छीमार गावात त्यांनी पहाटेचे आवाज टिपले आणि 1970 मध्ये वीसेक मिनिटांची रचना पुरी केली. बोटीचं इंजिन, गाढव, बायकांचं बोलणं, किर्र करणारे किडे. घटना अशी कुठलीच नाही, तरी गाव जागं झाल्याची गोष्ट पूर्ण सांगून होते. पुढे 1975 मध्ये कॅनडाच्या मरी शेफर यांच्या गटानं युरोपातल्या पाच गावांत जाऊन कोणता आवाज कुठपर्यंत ऐकू येतो, गावकरी कशावरून वेळ ओळखतात, याच्या नोंदी केल्या. मांडवगणच्या वाघेश्वराच्या देवळातली घंटा कुठल्या वस्तीपर्यंत ऐकू जाते आणि कोणत्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या कर्ण्यांत बुडते, हा शाळेतल्या मुलांना सहज करता येईल असा प्रकल्प आहे.

हे करायला लागणारं कसब आपल्याकडे नाही असं नव्हे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंयोजन हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनीसाठी 2009 मध्ये ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी तिथलेच. पण तिथे तयार झालेला कान चित्रपटाकडे जातो, कारण पोट तिथे भरतं. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी, बारामतीची वसुंधरा वाहिनी, म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी ही केंद्रं आपापल्या परिसराशी मनापासून जोडलेली आहेत, पण सामुदायिक रेडिओचा मोठा वेळ मुलाखती, सल्ले, गाणी यांना जातो. 2017 मध्ये स्टोरीटेल मराठीत आलं आणि ऐकण्याची सवय वाढली ही चांगलीच गोष्ट झाली. ती सवय मुख्यतः वाचून दाखवलेल्या पुस्तकांची आहे. एकांकिकेला 1963 पासून पुरुषोत्तम करंडक आहे. दरवर्षी ठरलेल्या दिवसांत महाविद्यालयं त्यासाठी जिवाचं रान करतात, भांडतात, शिकतात. ध्वनिकथेला अशी जागा मिळालेली नाही. ती वर्गात ऐकली जाते, गुण मिळतात, आणि पुढच्या सत्रात फोनमधली जागा कमी पडली की पुसली जाते.

या पुसण्याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. मांडवगण-न्हावरे पट्ट्यात ऊसतोड मजुरांच्या टायरगाड्या, बैलांच्या गळ्यातली घुंगरं, मोळीवर पडणारा कोयता हे हंगामाचे आवाज आहेत. ऊसतोडणी यंत्र फडात उतरलं की हे सगळे आवाज एकदम जातात. विद्यार्थ्यानं गोष्टीसाठी म्हणून टिपलेली दहा मिनिटं पुढे त्या हंगामाची नोंद ठरू शकतात. हे कसं करायचं याचा धडा घरचाच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, बर्नार बेल यांच्या साथीनं त्यातल्या हजारो मुद्रित झाल्या, आणि आज त्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियावर गायिकेच्या आणि गावाच्या नावासह ऐकायला मिळतात. शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या ओव्याही त्यांत आहेत. प्रत्येक ध्वनिकथेबरोबर तिच्यातला एकेक आवाज कुठे, कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणाच्या परवानगीनं टिपला याचा एक कागद विद्यार्थ्यानं जोडावा, उतरवून घेतलेला आवाज असेल तर तसं लिहावं, आणि शिक्षकांनी निम्मे गुण त्या कागदाला द्यावेत.