दिलेली अक्षरे आणि दीर्घ शब्द : मोरोपंतांच्या अक्षरबंधाच्या निमित्ताने

प्रस्तावना

ठरावीक अक्षरे सामावणारा दीर्घ शब्द शोधणे हा शब्दकोड्याच्या सदरातील विरंगुळा समजला जातो. मराठी काव्यपरंपरेत मात्र त्याला गंभीर स्वरूप लाभले आहे. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) रचलेल्या रामायणांची संख्या परंपरेने १०८ सांगितली जाते. त्यांतील मंत्ररामायणात ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या त्रयोदशाक्षरी मंत्राची अक्षरे गुंफलेली आहेत, तर निरोष्ठरामायणात ओष्ठ्य वर्ण वर्ज्य केलेले आहेत. अशा रचनेला केवळ शब्दांची कसरत मानणारी समीक्षा आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त (१८७४–१८८१) मोरोपंतांच्या कवितेचा घेतलेला कैवार, अशा दोन भूमिका मराठीत दिसतात. या दोहोंच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागतो : मराठीत ‘अक्षर’ म्हणून नेमके काय मोजायचे?

अक्षर : मोजणीचे एकक

रोमन लिपीत अक्षर हे सुटे चिन्ह असते. देवनागरीत स्वरयुक्त व्यंजन किंवा जोडाक्षर मिळून एक अक्षर होते. नागपूर–वर्धा लोहमार्गावरील ‘सिंदी रेल्वे’ हे नाव घेतले तर त्यात सिं, दी, रे, ल्वे अशी चारच अक्षरे आहेत. व्यंजने सुटी केली की हिशेब बदलतो.

वरील मंत्रात अक्षरे तेरा असली, तरी परस्परभिन्न अक्षरे श्री, रा, म, ज, य अशी पाचच आहेत. ‘राजमान्य’ या शब्दात व्यंजनांच्या हिशेबाने र, ज, म, य हे चारही वर्ण सापडतात. अक्षरांच्या हिशेबाने मात्र केवळ ‘रा’ आणि ‘ज’ जुळतात, कारण ‘मा’ म्हणजे ‘म’ नव्हे आणि ‘न्य’ म्हणजे ‘य’ नव्हे. संगणकीय युनिकोड पद्धतीत तर ‘श्री’ हे एक अक्षर श, हलन्त, र आणि दीर्घ ईकार अशा चार संकेतांनी साठवले जाते. त्यामुळे यंत्राने केलेला शोध आणि कानाने केलेला शोध एकच उत्तर देतील, असे नाही. मोरोपंतांची कविता ऐकण्यासाठी होती. तिचे परीक्षण करताना उच्चारित अक्षर हेच एकक धरणे उचित ठरते.

दीर्घत्वाची मर्यादा

या कसोटीला पूर्णतः उतरणारा शब्द मराठीत मोरोपंतांपूर्वीच रूढ होता. श्रीधरांचा ‘रामविजय’ हा ग्रंथ १७०३ मधील आहे. ‘श्रीरामविजय’ या सहा अक्षरांत मंत्रातील पाचही अक्षरे येतात, तीही मंत्राच्याच क्रमाने. ‘वि’ एवढेच अधिक. हाच शब्द समासाने ‘श्रीरामविजयग्रंथपारायण’ असा बारा अक्षरांचा होतो आणि पुढे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये लावून आणखी वाढवता येतो. अर्थात समासप्रधान भाषेत सर्वांत दीर्घ शब्द शोधण्याला स्वतःची सीमा नाही. ती सीमा काव्यात वृत्त घालते.

‘श्रीरामविजय’ची रचना गुरू, गुरू आणि चार लघू अशी, म्हणजे आठ मात्रांची आहे. मोरोपंतांच्या ‘केकावली’चे पृथ्वी वृत्त सतरा अक्षरांचे आहे. त्यात लागोपाठ दोन गुरू एकाच ठिकाणी येतात आणि त्यांच्यापुढे एक लघू येऊन पुन्हा गुरू येतो. त्यामुळे हा शब्द पृथ्वीच्या चरणात कोठेच बसत नाही. मोरोपंतांच्या आर्येत, म्हणजे शास्त्रदृष्ट्या गीतीत, तो पहिल्या दोन चतुर्मात्रिक गणांत नेमका बसतो : ‘श्रीरा’ हा एक गण, ‘मविजय’ हा दुसरा. अक्षरगणवृत्तात प्रत्येक जागेचे लघुगुरुत्व ठरलेले असते; मात्रावृत्तात मात्रा सांभाळून पर्याय निवडता येतो. अक्षरबंधाला आर्या का मानवते, याचे एक कारण येथे सापडते.

निषेधाचा बंध

अक्षरे आणण्यापेक्षा टाळणे अधिक कठीण असते. पवर्ग वर्ज्य केला की राम, लक्ष्मण, भरत, बिभीषण, कुंभकर्ण आणि हनुमान ही नावे उच्चारता येत नाहीत. सीता, जानकी, दशरथ, जनक, अंगद आणि लंका उरतात. नायकासाठी ‘दाशरथि’सारख्या पर्यायाकडे वळावे लागते. उ, ऊ, ओ, औ हे स्वरही वर्ज्य धरले तर ‘करून’, ‘जाऊन’ ही निवेदनाची साखळी जोडणारी रूपेही हातची जातात. हा बंध अशा रीतीने शब्दसंग्रहावरून व्याकरणापर्यंत पोहोचतो.

या परंपरेला संस्कृत आधार आहे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त ओठ दुखावल्यामुळे ओष्ठ्य वर्णांवाचून आपली हकीकत सांगतो. तेथे बंधाला कथेतच कारण दिलेले आहे. जॉर्ज पेरेक यांच्या १९६९ मधील फ्रेंच कादंबरीत ‘इ’ हे अक्षर वर्ज्य आहे आणि हरवलेपण हाच तिचा विषय आहे. निरोष्ठरामायणाला कथेतील असे कारण नाही. परंतु ज्या नामासाठी सारा खटाटोप, तेच नाम मुखी येऊ नये, हा ताण त्याच्या नियमातच आहे. श्रोत्याला कथा पाठ असल्याने न उच्चारलेले नाम तो मनातल्या मनात भरून काढतो.

निष्कर्ष

मंत्ररामायणासारख्या रचनेत अक्षरांची उपस्थिती हे भक्तीचे साधन आहे. मात्र रामकथेत ‘रा’ आणि ‘म’ सहजच येतात. म्हणून तेथील कौशल्य अक्षरे मिळवण्यात कमी आणि त्यांच्या स्थानात अधिक असते. निषेधाचा बंध मात्र कवीला नित्याच्या शब्दांपासून तोडून भाषेच्या आडवाटांना नेतो. ‘कृत्रिम’ हा एकच शेरा दोहोंना मारणे त्यामुळे अन्यायकारक ठरते. बंधाने अर्थाला काय करायला भाग पाडले, ही कसोटी लावली तर काही आर्या निव्वळ कसरत ठरतील आणि काही कविता म्हणून टिकतील. पदवीच्या वर्गात हा निवाडा विद्यार्थ्यांकडूनच, अक्षरे मोजून आणि आर्या मोठ्याने म्हणून, करवून घेता येईल. जुन्या कवितेविषयीचे तयार अभिप्राय पाठ करण्याऐवजी तिची परीक्षा घेण्याचा अधिकार त्यांना त्यातून मिळेल.