पद, जागा आणि मतदार : तांबे प्रकरणाचा पुनर्विचार

ऑक्टोबर १९२५ मध्ये श्रीपाद बळवंत तांबे यांनी मध्यप्रांताच्या गव्हर्नरांच्या कार्यकारी मंडळात पद स्वीकारले. या घटनेचा विचार आजवर बहुधा स्वराज्य पक्षातील फुटीचा प्रारंभ म्हणूनच झाला आहे. तांबे हे अमरावतीचे वकील, स्वराज्य पक्षाचे सभासद आणि प्रांतिक कायदे कौन्सिलचे निर्वाचित अध्यक्ष होते. सरकारी पदे न स्वीकारण्याचे पक्षाचे धोरण त्यांनी मोडले, म्हणून मोतीलाल नेहरूंनी त्यांचा तीव्र निषेध केला. उलटपक्षी केळकर, जयकर व मुंजे यांनी त्यांचे समर्थन केले. विठ्ठलभाई पटेल यांनी मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्षपद घेतले, खुद्द मोतीलालजी स्कीन समितीवर गेले, मग दोष एकट्या तांबे यांचाच कसा, असा त्यांचा युक्तिवाद होता. या वादातूनच फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्यास प्रतियोगी सहकारितेचा पुरस्कार करणारा पक्ष उभा राहिला.

हा इतिहास सुपरिचित आहे. त्याची प्रचलित मांडणी मात्र अपुरी आहे, असे आमचे मत आहे. तीत पक्ष आहे, पुढारी आहेत, गव्हर्नर आहेत. ज्याने तांबे यांना कौन्सिलात पाठविले तो वऱ्हाडचा मतदार तेवढा नाही. हा दोष केवळ इतिहासकारांचा नव्हे. तो मूळ कायद्यातच होता.

१९१९ च्या सुधारणा कायद्यान्वये कौन्सिलच्या बिनसरकारी सभासदाने, मग तो निवडलेला असो वा नेमलेला, सरकारी सेवेतील पद स्वीकारल्यास त्याची जागा रिकामी होत असे. 'नेमलेला' हा शब्द वऱ्हाडच्या बाबतीत अर्थपूर्ण होता. वऱ्हाड हा कायद्याने निजामाचा मुलूख गणला जात असल्यामुळे तेथे निवडून आलेल्यांचीही कौन्सिलवर औपचारिक नेमणूकच करावी लागे. आता याच कायद्यातील दुसरी तरतूद पाहावी. कार्यकारी मंडळाचे सभासद हे पदसिद्ध कौन्सिल-सभासद असत. अर्थात तांबे ज्या सभागृहातून लोकप्रतिनिधी म्हणून बाहेर पडले, त्याच सभागृहात ते सरकारचे सभासद म्हणून पुन्हा बसू शकत होते. रिकाम्या जागी दुसरा प्रतिनिधी पाठविणे मतदारांच्या हाती होते. तांबे यांच्या निर्णयाविषयी कौल देणे नव्हते.

ज्या इंग्रजी परंपरेतून हा नियम आला तिचे मर्म नेमके येथेच निराळे होते. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या कायद्यांनी असे ठरविले की, राजाकडून पद घेणाऱ्या सभासदाची जागा रिकामी व्हावी, परंतु त्याला पुन्हा निवडणुकीस उभे राहता यावे. पद घेतल्यावरही आमचा विश्वास कायम आहे काय, हा प्रश्न मतदारांपुढे जाई. १९०८ साली व्यापारखात्याचे मंत्री झालेले विन्स्टन चर्चिल या कसोटीत मँचेस्टर येथे पराभूत झाले व त्यांना डंडी येथून निवडून यावे लागले. १९१९ साली ही अट सैल झाली व १९२६ साली रद्द झाली. हिंदुस्थानसाठी कायदा करताना जागा रिकामी करण्याचे कलम उचलले गेले. पुनर्निवडणुकीची कसोटी मात्र मागेच राहिली. शिवाय, सोपीव खात्यांच्या मंत्र्यांना या कलमातून वगळण्यात आले. म्हणजे मंत्र्याची जागा मतदाराला न विचारता शाबूत राहिली, तर कार्यकारी सभासदाची मतदाराला न विचारता गेली.

हीच रचना पुढे भारतीय राज्यघटनेत स्थिरावली. लाभाचे पद धारण करणारा अनर्ह ठरतो, परंतु मंत्रिपद हे तसे पद मानले जात नाही. आमदार वा खासदार राज्यपाल झाला तर पदग्रहणाच्या दिवशी त्याची जागा रिकामी होते.

या व्यवस्थेचे आजचे रूप तांबे यांच्याच जिल्ह्यात, मोर्शी मतदारसंघात पाहावयास मिळते. जून २०१९ मध्ये तेथील आमदार डॉ. अनिल बोंडे राज्याचे कृषिमंत्री झाले. त्यांची जागा रिकामी झाली नाही व व्हावयाचे कारणही नव्हते. परंतु त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सार्वत्रिक निवडणूक आली आणि मोर्शीने देवेंद्र भुयार यांना निवडून दिले. या निकालाची कारणे अनेक असतील व त्यावरून मंत्रिपदाविषयीचा कौल काढणे घाईचे ठरेल. तथापि, पद स्वीकारलेला प्रतिनिधी मतदारांपुढे उभा राहिला, एवढे तरी येथे घडले. आणि तेही केवळ पंचांगाच्या योगाने. निवडणूक चार वर्षे दूर असती तर हा प्रसंग चार वर्षे लांबला असता.

प्रत्येक नव्या मंत्र्यास पोटनिवडणुकीस धाडावे, असे आमचे म्हणणे नाही. स्वतः इंग्लंडनेच ती प्रथा टाकून दिली, कारण तिने मंत्रिमंडळाची घडण जिकिरीची होई. आमचे म्हणणे मर्यादित आहे. तांबे यांनी पक्षाशी द्रोह केला की व्यवहारी शहाणपण दाखविले, या वादात शंभर वर्षे गेली. त्यांनी मतदारांशी कोणता करार केला होता व तो मोडण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. वऱ्हाडच्या राजकीय इतिहासाच्या अभ्यासकाने त्या काळची वृत्तपत्रे व निवडणुकीचे कागद या दृष्टीने पुन्हा चाळावेत. जागा कोणत्या कलमाने रिकामी झाली हे कायदा सांगतो. ती कोणाची होती, हे इतिहासाने सांगावयाचे आहे.