मनुकांच्या खोक्यावरचा सांगाडा

लाल टोपडं, हातात द्राक्षांनी भरलेला ट्रे, मागे पिवळा सूर्य: ‘सन-मेड’ मनुकांच्या खोक्यावरची ती मुलगी. चिकाना चित्रकार एस्टर हर्नांडेझ यांनी १९८२ मध्ये तिच्या जागी हसरा सांगाडा उभा केला आणि नाव बदललं: ‘सन मॅड’. खाली कीटकनाशक, कोळीनाशक, तणनाशक, बुरशीनाशक अशी यादी, पाकिटावर घटक छापतात तशी.

चिकानो म्हणजे मेक्सिकन मुळांचे अमेरिकन. एस्टर कॅलिफोर्नियातल्या डिन्यूबा गावच्या, शेतमजुरांच्या घरातल्या. गावच्या पाण्यात कीटकनाशकं उतरल्याचं कळल्यावर हे चित्र आलं.

वरवर पाहता हे मीमच. पण मीम हसलो की संपतं. इथे हसल्यावर प्रश्न सुरू होतो. सांगाडा कुणाचा? द्राक्षं तोडणाऱ्याचा, की मनुका खाणाऱ्याचा? चित्र उत्तर देत नाही, म्हणून बघणाऱ्याला सुटका नाही. माझ्या मते त्याचं राजकारण तिथे आहे.

शिवाय मेक्सिकोत सांगाडा थट्टाही करतो. पोसादाच्या छापचित्रांत, मृतांच्या सणात तो नटूनथटून येतो. एस्टर यांनी त्याला अमेरिकन ब्रँडचं टोपडं घातलं. ओळख सांगायला वेगळा झेंडा लागलाच नाही.

आज हे स्क्रीनप्रिंट स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. संग्रहालयात गेलं की बंडखोर चित्राची धार जाते, असं म्हणतात. इथे मला ते पटत नाही. या चित्राचा अर्धा भाग किराणा दुकानात आहे. तिथलं खोकं हातात घेतलं, की सांगाडा पुन्हा दिसतोच.