मिसरी कागद आणि त्यांचें स्थळ : कांहीं ग्रंथांचें परीक्षण

मिसर देशाच्या प्राचीन वस्तूंवर व तेथील समाजस्थितीवर गेल्या दोनशें वर्षांत जे ग्रंथ झाले त्यांची नुसती यादी देऊं म्हटलें तरी त्रैमासिकाचा एक अंक पुरणार नाहीं. त्यांपैकीं बहुतेकांत सोनें, प्रेतपेटिका व राजांचे मुखवटे यांचीं चित्रें असतात आणि चित्रांभोंवतीं थोडाबहुत मजकूर असतो. तसल्या ग्रंथांशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण स्वतः जुने कागद जमविणारे आहेत. त्यांस उपयोगी पडेल अशा एकाच कसोटीवर कांहीं ग्रंथ घासून पाहण्याचें आम्ही योजिलें आहे. ज्या कागदाच्या आधारें ग्रंथकर्ता समाजाचें वर्णन करतो तो कागद कोणत्या जागीं, कशाच्या शेजारीं व कोणाच्या हातून निघाला, हें त्यास ठाऊक आहे काय, आणि ठाऊक असल्यास तो तें सांगतो काय, ही ती कसोटी होय.

१८३६ सालीं एडवर्ड विल्यम लेन याचा अर्वाचीन मिसरी लोकांच्या चालीरीतींवरील ग्रंथ बाहेर पडला, व पुढच्याच वर्षीं जॉन गार्डनर विल्किन्सन याचा प्राचीन मिसरी लोकांच्या चालीरीतींवरील तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नांवांत साम्य असलें तरी दोहोंच्या पुराव्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. लेन कैरोंत राहिला, लोकांत मिसळला, त्यांची भाषा बोलला. विल्किन्सनपुढें मुख्यतः थडग्यांच्या भिंतींवरील चित्रें होतीं. कापणी, मळणी, मेजवानी, नाच, सुतारकाम, सर्व त्यानें मोठ्या कष्टानें उतरून घेतलें, आणि मूळ चित्रांपैकीं कांहीं पुढें खराब झाल्यामुळें त्याच्या नकलांची किंमत वाढली आहे. परंतु थडग्यांतील चित्र म्हणजे मृतास परलोकीं काय मिळावें त्याचें चित्र. त्यांत कोणाचें पीक बुडत नाहीं व धान्याच्या वांटणीवरून घरांत तंटा होत नाहीं. लग्नाची पंगत पाहून घरच्या रोजच्या जेवणाचा अंदाज बांधावा तसा हा प्रकार आहे. शांपोलियोंनें लिपीचा उलगडा १८२२ सालीं केला, तेव्हां विल्किन्सनला दोष देणें अन्यायाचें होईल. दोष पुढच्यांचा; वाचतां येणारे कागद हाताशीं असतां त्यांनीं तींच चित्रें पुन्हां पुन्हां छापलीं. १८८५ च्या सुमारास अ‍ॅडॉल्फ एर्मान या जर्मन पंडितानें प्राचीन मिसरी जीवनावर लिहितांना पपायरसाच्या लेखांस योग्य तो मान दिला, पण त्याच्या हातीं जे लेख होते त्यांतील पुष्कळ व्यापाऱ्यांच्या दुकानांतून आलेले होते, आणि दुकानदार जागा सांगत नसतो.

ही दुकानदारी कशी चाले हें पाहावयाचें असल्यास वॉलिस बज याचा ‘बाय नाईल अँड टायग्रिस’ हा १९२० सालचा दोन खंडांचा ग्रंथ वाचावा. वाचण्यास तो अत्यंत चटकदार आहे, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. ब्रिटिश म्यूझियमसाठीं वस्तु मिळविण्यास बज १८८८ सालीं लक्सर येथें होता. सरकारी पुराणवस्तु खात्यानें एका घराला मोहोर लावून पहारा बसविला. त्या घराची भिंत शेजारच्या हॉटेलाच्या बागेस लागून होती. पहारेकऱ्यांस पोटभर जेवूं घातलें गेलें आणि रात्रीं बागेच्या बाजूनें भिंतीखालून भुयार खणून आंतला माल बाहेर काढण्यांत आला. ही हकीकत बज स्वतःच लिहितो, व लिहितांना त्याला संकोच तर नाहींच, उलट थोडी फुशारकीच आहे. याच सफरींत आनि नांवाच्या राजलेखकासाठीं लिहिलेलें ‘मृतांचें पुस्तक’ त्याच्या हातीं आलें. ही सुमारें ७८ फूट लांबीची गुंडाळी चित्रांच्या रंगासाठीं जगप्रसिद्ध आहे. लंडनला नेल्यावर तिचे ३७ तुकडे करण्यांत आले. कांहीं ठिकाणीं काप कोठून जावा याचा विचार मजकुराच्या ओघावरून न होतां तावाच्या रुंदीवरून झाला. आनि कोण, त्याचें कुटुंब कोणतें, त्याच्याबरोबर आणखी काय पुरलें होतें, याविषयीं त्या गुंडाळींत आहे तेवढेंच आपणांस कळतें. त्याचें थडगें अद्याप ओळखलें गेलेलें नाहीं. बजनें आनीच्या पुस्तकाची आवृत्ति काढली, भाषांतर केलें, आणि तें आजही दुकानांतून विकलें जातें. पण समाजशास्त्राच्या अभ्यासकाला त्या ७८ फुटांतून जें मिळतें तें एका धनिक लेखकाच्या मरणोत्तर आकांक्षांपलीकडे फारसें जात नाहीं.

बजची बाजू मांडणारे म्हणतात कीं, तो नसता तर हे कागद जळाले असते किंवा शेतांत खत म्हणून गेले असते. या म्हणण्यांत तथ्य आहे. मिसरांतील शेतकरी जुन्या वसाहतींची माती खतासाठीं उकरीत, आणि तींत किती लेख गेले याची गणतीच नाहीं. परंतु याच काळांत फ्लिंडर्स पेट्री दुसरी रीत पाळीत होता. खोदतांना जो मजूर वस्तु उचलून देई त्यास पेट्री त्याच जागीं बक्षीस देई, म्हणजे ती व्यापाऱ्याकडे जाण्याचें कारणच उरत नसे व जागेची नोंद राही. १८८९ सालीं लाहूनच्या वसाहतींत त्यास पपायरस मिळाले ते असे. ग्रिफिथनें ते १८९८ सालीं छापले. यावरून दिसतें कीं, पैसे देऊन कागद घेणें हा दोष नव्हे. दोष आहे तो जागा लपविण्याचा, आणि या बाबतींत आमच्याकडील रुमाल सोडून एकेक चांगला कागद वेगळा विकणाऱ्यांनीं बजला हंसण्याचें कारण नाहीं.

तुटलेल्या कागदाचें एक उदाहरण तर कादंबरींत शोभावें असें आहे. विसाव्या घराण्यांतील राजा नववा रामसेस याच्या काळीं थीब्ज येथील राजांचीं थडगीं फोडणाऱ्या चोरांवर खटले झाले. त्यांचे कागद टी. एरिक पीट यानें १९३० सालच्या आपल्या मोठ्या ग्रंथांत एकत्र छापले. त्यांतील अ‍ॅमहर्स्ट पपायरस म्हणून ओळखला जाणारा कागद आडवा दुभागलेला होता. पीटजवळ फक्त खालचा अर्धा होता, म्हणजे प्रत्येक रकान्याच्या वरच्या ओळी नाहींशा झालेल्या. पीट १९३४ सालीं वारला. पुढच्याच वर्षीं ब्रुसेल्सच्या संग्रहालयांत झां कापार यास एका पोकळ लाकडी मूर्तींत वरचा अर्धा सांपडला. आज वरचा भाग ब्रुसेल्सला व खालचा न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयांत आहे. दोन्ही जोडल्यावर आमेनपनुफेर नांवाच्या पाथरवटाचा सबंध कबुलीजबाब वाचतां येतो. त्यानें व त्याच्या साथीदारांनीं राजा सोबेकेमसाफ व त्याची राणी यांच्या शवांवरील सोनें काढलें, आठ वांटे केले, पुढें तो पकडला गेला तेव्हां आपला वांटा गांवच्या लेखकास देऊन सुटला, आणि साथीदारांनीं त्यास पुन्हां आपल्यांतून वांटा भरून दिला. लांच कोणास पोंचली हें या जबाबांत आहे, आणि त्या काळच्या कारभाराची नाडी कळते ती येथें. पीटच्या ग्रंथाची योग्यता यामुळें कमी होत नाहीं. त्यानें तुटक ओळी तुटक म्हणून छापल्या, तर्कानें भरून काढल्या नाहींत. त्यामुळेंच १९३६ सालीं कापार, गार्डिनर व व्हान द वाल यांस वरचा भाग छापतांना दोन्ही तुकडे एकमेकांस लावतां आले.

याच्या उलट टोंकास हेकानख्तचीं पत्रें आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियमच्या मोहिमेंत हर्बर्ट विनलॉक यास तीं १९२१–२२ सालीं देर-एल-बहारी येथें मेसेह नांवाच्या इसमाच्या थडग्यांत मिळालीं. हेकानख्त हा सुमारें चार हजार वर्षांपूर्वींचा एक पुरोहित व जमीनदार. कामानिमित्त घरापासून दूर असतां तो घरच्यांस लिहितो : अमुक जमीन खंडानें घ्या, खंड अमुक मालानें चुकवा, मला जुना वाळका जव कां पाठविला, धाकट्या स्नेफ्रूला तो मागेल तें द्या, आणि माझ्या नव्या बायकोस छळणाऱ्या त्या मोलकरणीस आधीं घराबाहेर घाला. खालीं माणशीं धान्याचा शिधा लावून दिलेला. एक पत्र तर बांधलेलें व मोहोर लावलेलें, न उघडतां तसेंच राहिलें होतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस हा म्हातारा ओळखीचा वाटल्यावांचून राहणार नाहीं. (याच पत्रांवरून अ‍ॅगाथा ख्रिस्ती या बाईंनीं १९४४ सालीं एक खुनाची कादंबरी रचली, ती वाचनीय आहे, पण पत्रांत खून नाहीं.) टी. जी. एच. जेम्स यानें १९६२ सालीं पत्रें छापलीं, व जेम्स पी. अ‍ॅलन यानें २००२ सालीं पुन्हां. जेम्स तीं अकराव्या घराण्यांतील एका मेंतुहोतेपच्या काळचीं मानतो. अ‍ॅलन तीं बाराव्या घराण्याच्या आरंभींचीं ठरवितो. आमच्या मतें अ‍ॅलनचें गणित अधिक जुळतें. पण मुद्दा निराळा आहे. हा वाद होऊं शकतो याचेंच कारण विनलॉकनें जागेची नोंद ठेवली. थडगें कोणाच्या थडग्याशेजारीं आहे, पत्रांबरोबर कोणती भांडीं निघालीं, यावरून प्रत्येक बाजूस बोलतां येतें. आनीच्या गुंडाळीविषयीं असा वादच संभवत नाहीं.

येथें एक आक्षेप येईल व तो योग्य आहे. बाजारांतून आलेला कागद सर्वस्वीं निरुपयोगी काय? यारोस्लाव्ह चेर्नी याचा ‘अ कम्युनिटी ऑफ वर्कमेन’ हा ग्रंथ त्याचें उत्तर देतो. राजांचीं थडगीं खोदणाऱ्या कारागिरांचें गांव देर-एल-मदीना. तेथें फ्रेंच संस्थेतर्फे बर्नार ब्रुयेर यानें १९२२ पासून १९५१ पर्यंत उत्खनन केलें. एकट्या मोठ्या खड्ड्यांतूनच सुमारें पांच हजार लिहिलेलीं खापरें व चुनखडीच्या चिपा निघाल्या. परंतु तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षीं शिधा न मिळाल्यामुळें कारागिरांनीं काम टाकल्याची हकीकत ज्यांत आहे तो पपायरस त्याच्या शंभर वर्षें आधीं द्रोव्हेत्ती या वकिलाच्या संग्रहांतून तुरिन येथें गेला होता. लंडनमध्यें असलेली एक चीपही अशीच. तिच्यावर दुसऱ्या रामसेसच्या ४० व्या वर्षींची गैरहजिरी मांडली आहे, आणि कारणांत विंचू चावला, आईच्या प्रेतास लेप देत होता, मद्य गाळीत होता, असें लिहिलें आहे. चेर्नीनें काय केलें, तर खापरांवरील माणसांचीं नांवें, बापांचीं नांवें, हस्ताक्षर हीं जुळवून हे परागंदा कागद त्यांच्या गांवीं परत आणले. हें काम चाळीसएक वर्षांचें आहे. तो १९७० सालीं वारला व ग्रंथ अपुराच १९७३ सालीं छापला गेला, त्यामुळें त्यांत हुद्दे, टोळ्या, वरिष्ठ अधिकारी यांचा कीस पडला आहे. गांवांतील बायका, घरें, चुली यांविषयीं वाचकाची भूक भागत नाहीं. शैलीही रूक्ष आहे. तरीही एखाद्या संग्राहकानें या विषयावरचा एकच ग्रंथ घ्यावयाचा म्हटलें तर आम्ही हाच घ्या म्हणूं, कारण परागंदा कागद स्वस्थानीं बसविण्याची रीत यांत शिकावयास मिळते. मात्र ती लागू पडते ती, स्वस्थानीं राहिलेले हजारों कागद शेजारीं असतात म्हणून.

खणणाऱ्यांविषयीं थोडें. स्टीफन क्वर्क याच्या ‘हिडन हँड्स’ (२०१०) या ग्रंथांत पेट्रीच्या १८८० ते १९२४ पर्यंतच्या टिपणवह्या व मजुरीच्या याद्या यांतून मिसरी मजुरांचीं नांवें वर काढलीं आहेत; अली अस्-सुवेफी हा त्यांत प्रमुख. ग्रंथ वाचण्यास जड आहे, पण वही जपून ठेवण्याचें फळ तो दाखवितो. डोनल्ड माल्कम रीड याच्या ‘हूज फेअरोज?’ (२००२) या ग्रंथांत मिसरी विद्वानांस कसें दूर ठेवलें याचा इतिहास आहे. १८६९ सालीं कैरोंत ब्रुग्श यानें मिसरी मुलांस प्राचीन लिपि शिकविण्याची शाळा काढली. संग्रहालयाचा प्रमुख मारियेत यानें तेथील विद्यार्थ्यांस शिलालेख उतरून घेण्यास मनाई केली. त्याच शाळेंतून अहमद कमाल निघाला. त्यानें प्राचीन मिसरी भाषेचा बावीस खंडांचा कोश लिहिला. १९२३ सालीं तो वारला तेव्हां कोश हस्तलिखितांतच होता. रीडच्या ग्रंथांत राजकारण फार व कागद कमी अशी आमची तक्रार आहे. कमालच्या या कोशाविषयीं आणखी दहा पानें त्यानें खर्चिलीं असतीं तर आमच्या वाचकांस अधिक आवडलें असतें.

शेवटीं पिएर ताले व मार्क लेनर यांचा ‘द रेड सी स्क्रोल्स’ (२०२१). तांबड्या समुद्राच्या कांठीं वादी-अल-जर्फ येथें डोंगरांत तीसएक लांबट कोठारें खोदलेलीं आहेत. गंमत अशी कीं, १८२३ सालीं हीच जागा विल्किन्सननें पाहिली होती, पण तिचें खरें स्वरूप त्यास उमगलें नाहीं. २०१३ सालीं तालेच्या मंडळीस दोन कोठारांच्या तोंडाशीं, दार बंद करणाऱ्या मोठ्या दगडांमध्यें, पपायरसाचे तुकडे मिळाले. आजपर्यंत लाभलेल्या लिखित पपायरसांत ते सर्वांत जुने, राजा खुफूच्या अखेरच्या वर्षांतले. त्यांत मेरेर नांवाच्या कामगारांवरील नायकाची रोजनिशी आहे : सुमारें चाळीस माणसांची टोळी घेऊन तुरा येथील चुनखडीचे दगड नावांतून गिझाच्या पिरॅमिडकडे कोणत्या दिवशीं नेले, रात्र कोठें काढली. पिरॅमिडच्या कामाचा इतका निकटचा लेख दुसरा नाहीं. तालेनें लिहिलेला भाग उत्तम आहे; तुकडा कोठें पडला होता हें तो आधीं सांगतो व अर्थ मागून लावतो. लेनरच्या भागांत गिझा येथील बंदर, कालवे व कामकऱ्यांची वसाहत यांचे नकाशे आकर्षक आहेत, परंतु तेथें उकरलेल्या वसाहतीचे मुख्य थर खुफूच्या मागून आलेल्या राजांच्या काळचे आहेत, तेव्हां मेरेरची टोळी व ती वसाहत यांचा सांधा तर्काचा आहे. तो नकाशांत पक्क्या रेषेनें दाखविण्यापेक्षां तुटक रेषेनें दाखविला असता तर बरें झालें असतें. शिवाय हा ग्रंथ सामान्य वाचकांसाठीं असल्यामुळें मूळ लेखांचीं पूर्ण छायाचित्रें व वाचन त्यांत नाहींत. ज्यांस अक्षर पाहूनच समाधान होतें त्यांनीं तालेनें कैरोच्या फ्रेंच संस्थेकडून काढलेल्या फ्रेंच आवृत्तीचा २०१७ सालचा पहिला खंड पाहावा. मेरेरच्या रोजनिशीचें सविस्तर वाचन त्यांतच आहे.