बंदर नाकारलेले प्रेम : ‘रणांगण’चे पुनर्वाचन

जबलपूरच्या इतिहासात १९३९ हे वर्ष त्रिपुरी काँग्रेसचे वर्ष म्हणून नोंदले गेले आहे. मार्च महिन्यात शहरालगतच्या त्रिपुरी येथे राष्ट्रसभेचे जे अधिवेशन भरले, त्यात स्वातंत्र्याचा मार्ग कोणता याविषयीचा नेतृत्वातील मतभेद विकोपाला गेला. आजारी अवस्थेत अध्यक्षपद सांभाळणाऱ्या सुभाषचंद्र बोस यांना पुढे काही आठवड्यांतच ते पद सोडावे लागले. याच शहरातील सदर म्हणजे छावणीची बाजारपेठ. बराकी, कवायतीची मैदाने आणि शहरात १९०४ पासून चाललेला तोफगाड्यांचा कारखाना यांच्या सहवासात वावरणाऱ्या सदरमधील वाचकाला ‘रणांगण’ या शब्दाचा अर्थ कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. नेमक्या त्याच वर्षी, जबलपूर ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात होते त्याच प्रांतातील अमरावतीत जन्मलेल्या विश्राम बेडेकर यांनी ‘रणांगण’ याच नावाची एक लहानशी कादंबरी मराठी वाचकांपुढे ठेवली. तीत सैन्ये समोरासमोर येत नाहीत. युरोपातून पूर्वेकडे निघालेली एक बोट, तिच्यावरील काही दिवसांचा सहवास आणि मुंबई बंदरातील ताटातूट, एवढाच तिचा व्याप आहे. तरीही हे शीर्षक सार्थ ठरते. ते कशामुळे, याचा शोध घेणे म्हणजेच या कादंबरीचे मर्म समजून घेणे होय.

तत्कालीन मराठी कादंबरीच्या पार्श्वभूमीवर या कृतीचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. ना. सी. फडके यांनी प्रणयकथेला रचनेची सफाई दिली होती. वि. स. खांडेकर यांच्या ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ या १९३४ मधील कादंबऱ्यांतून प्रेमाला ध्येयवादाची जोड मिळाली होती. ग. त्र्यं. माडखोलकर यांनी ‘मुक्तात्मा’पासून (१९३३) राजकारणालाच कादंबरीच्या क्षेत्रात आणले होते. या लेखकांचे मार्ग भिन्न असले, तरी एक गृहीतक त्यांना समान होते. प्रेमाच्या वाटेतील अडसर हा कुटुंबाचा, जातीचा, वर्गाचा किंवा ध्येयनिष्ठेचा असतो. त्याच्याशी झगडता येते, त्याच्यापुढे नमताही येते. त्यागाची निवड करणाऱ्या नायक-नायिकेजवळ निवड करण्याचे स्वातंत्र्य तरी असतेच. ‘रणांगण’ने या गृहीतकालाच धक्का दिला. येथे प्रेम करणाऱ्या स्त्रीला आपण कोणत्या भूमीवर पाऊल ठेवावे हे ठरवण्याचाही अधिकार उरलेला नाही.

कथानक सर्वपरिचित आहे. चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण इंग्लंडहून मायदेशी परतत आहे. पूर्वीच्या प्रेमभंगाने त्याचे मन कडवट झाले असून स्त्रीजातीविषयी त्याच्या ठायी एक प्रकारचा अविश्वास आहे. त्याच बोटीवर नाझी जर्मनीतून देशोधडीला लागलेले ज्यू निर्वासित आहेत आणि त्यांच्यात आपल्या आईबरोबर निघालेली हॅर्टा आहे. प्रारंभी जी केवळ प्रवासातील जवळीक वाटते, तिचे रूपांतर पाहता पाहता उत्कट प्रेमात होते. मुंबईला चक्रधर उतरतो. हॅर्टाला बोटीबरोबर पुढे जावे लागते, आणि त्या पुढच्या प्रवासातच ती आपले जीवन संपवते. सारे कथन चक्रधरच्या जाणिवेतून घडते, आणि गमावल्यानंतरच्या आठवणीची दाहकता त्याला व्यापून राहते.

या कादंबरीतील राजकीय दडपशाही कोणत्या रूपाने प्रकट होते, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. हुकूमशहाची भाषणे, छळछावण्यांची वर्णने, क्रांतिकारकांचे कट असे साहित्य लेखकाने कथेच्या अग्रभागी आणलेले नाही. दडपशाही येथे अवतरते ती परवान्याच्या रूपाने. हा तपशील इतिहासाशी किती प्रामाणिक आहे, हे त्या वर्षांचा क्रम पाहिला म्हणजे ध्यानात येते. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व हिरावले आणि ‘जर्मन रक्ता’च्या व्यक्तींशी त्यांचा विवाह व शरीरसंबंध हे गुन्हे ठरवले; प्रेम हा विषय अशा रीतीने थेट फौजदारी कायद्याच्या कक्षेत आला. ऑक्टोबर १९३८ मध्ये ज्यूंचे पारपत्र रद्द करून ते विशिष्ट अक्षराचा ठसा मारूनच पुन्हा वैध करण्याचा हुकूम निघाला. त्याआधी जुलैमध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे बत्तीस राष्ट्रांची परिषद भरली होती. तेथे निर्वासितांविषयी सहानुभूती भरपूर व्यक्त झाली, दारे मात्र फारशी कोणी उघडली नाहीत. अशा वेळी प्रवेशपत्रावाचून उतरू देणारे जगातील जवळपास एकमेव बंदर म्हणून शांघायचे नाव पुढे आले. इटालियन बोटी सुएझ, मुंबई, कोलंबोमार्गे तिकडे जात. बेडेकर १९३८ मध्ये चित्रपटविद्येच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले होते. निर्वासितांचे हे जग त्यांनी ऐन धगीत असताना शब्दांत पकडले. महायुद्ध पेटण्याच्या उंबरठ्यावर, त्याचा पहिला बळी हा सैनिक नसून कागदपत्रे हरवलेला सामान्य माणूस आहे, हे ओळखणारी ही कादंबरी आहे.

बोटीचे अवकाश या दृष्टीने विलक्षण अर्थपूर्ण ठरते. एका किनाऱ्याने हाकलून दिलेली आणि दुसऱ्याने अद्याप न स्वीकारलेली माणसे भर समुद्रात असतात तेवढाच काळ कोणाच्याही हुकमाबाहेर असल्यासारखी वाटतात. हॅर्टा आणि चक्रधर यांचे प्रेम फुलते ते या मधल्या काळात. मात्र हे स्वातंत्र्य उसने आहे. प्रत्येक बंदर जवळ येताच ते थोडे थोडे ओसरते. जमीन दिसणे ही प्रवाशाला एरवी सुखावणारी गोष्ट येथे भयसूचक होते. शिवाय बोटीवरही माणसे आपापली राष्ट्रे, वंश आणि धर्म सोबत घेऊनच चढलेली आहेत. जगातील वैरे डेकच्या मर्यादेत वावरताना दिसतात, तेव्हा ‘रणांगण’ हे नाव केवळ प्रियकराच्या मनाला उद्देशून दिलेले रूपक राहत नाही.

येथे एका सोप्या अर्थनिर्णयापासून सावध राहावयास हवे. हॅर्टाला क्रूर राजवटीने मारले आणि चक्रधर हा त्या शोकांतिकेचा हताश साक्षी होता, असे म्हटले की वाचकाचे समाधान होते. परंतु कादंबरी ते समाधान देत नाही. चक्रधर स्वतः पराधीन देशाचा प्रजाजन आहे. आपल्याच देशाच्या बंदरात कोणी उतरावे हे ठरवणारा हुकूम परक्या सत्तेचा आहे. ज्याला स्वतःचे घर नाही त्याने दुसऱ्याला आसरा कसा द्यावा, असा बचाव त्याच्या बाजूने करता येतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. त्याच्या दुबळेपणाचा एक भाग सत्तेने लादलेला आहे, तर दुसरा त्याने स्वतःच जोपासलेला आहे. जुन्या जखमेला कवटाळून बसण्याची सवय, स्त्रीच्या प्रेमाची परीक्षा पाहत राहण्याची वृत्ती, समर्पणापूर्वी माघारीची वाट शोधून ठेवणारा सावधपणा, यांना कोणत्याही सरकारने त्याच्यावर लादलेले नाही. ‘विध्वंस’ हे त्याचे आडनाव या दृष्टीने सूचक आहे. बाहेरच्या जगाची निर्दयता आणि आतली भावनिक कुचराई यांची सीमारेषा पुसट करण्यात या कादंबरीचे खरे नैतिक बळ आहे. दडपशाही यशस्वी होते ती केवळ तिच्या क्रौर्यामुळे नव्हे. सभ्य, सुशिक्षित, संवेदनशील माणसेही निर्णयाच्या क्षणी तिने दिलेली सबब स्वीकारतात, म्हणूनही.

हॅर्टाच्या अंताचा विचार याच सूत्राने केला पाहिजे. लेखनकाळी लेखकाला जे ठाऊक असणे शक्य नव्हते ते आज वाचकाला ठाऊक आहे. शांघायला पोहोचलेल्या सुमारे सतरा-अठरा हजार निर्वासितांनी जपानी अमलाखालील दारिद्र्य, रोगराई आणि १९४३ नंतरची वस्तीबंदी सोसली. तरी त्यांतील बहुसंख्य माणसे युद्धातून वाचली. युरोपात मागे राहिलेल्यांच्या वाट्याला मृत्यूचे कारखाने आले. म्हणजे ज्या दिशेने जाणे हॅर्टाला असह्य झाले, ती इतिहासाच्या हिशेबात जगण्याची दिशा होती. ही जाणीव कादंबरीला कमी लेखत नाही. उलट तिचा शोक अधिक खोल करते. जीव वाचणे आणि आपण कोणाला तरी हवे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देशाने नाकारलेली ही स्त्री एका माणसाच्या ठायी देश शोधत होती; तो दुरावल्यावर कोणतेही बंदर तिच्यासाठी पुरेसे नव्हते.

कादंबरीच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. हॅर्टा वाचकाला भेटते ती मुख्यतः चक्रधरच्या दृष्टीतून, आणि पश्चात्तापाची दृष्टी आठवणीला उजळून टाकते. तिची जिद्द, तिचा संताप, आपल्या समाजाशी असलेले तिचे नाते यांना स्वतंत्र अवकाश कमी मिळतो. ‘कळ्यांचे निःश्वास’सारख्या संग्रहातून स्त्रीमनाची घुसमट स्त्रीच्याच स्वरात मांडणाऱ्या विभावरी शिरूरकर, म्हणजे मालती बेडेकर, या लेखकाच्या पत्नी. ‘रणांगण’ वाचताना तो दुसरा स्वर येथे ऐकू यावयास हवा होता, असे वाटल्यावाचून राहत नाही. बेडेकरांनी पुढे दुसरी कादंबरी लिहिली नाही. नाटक, चित्रपट आणि ‘एक झाड आणि दोन पक्षी’ हे साहित्य अकादमीने गौरवलेले आत्मचरित्र यांत त्यांची प्रतिभा रमली. एकुलत्या एका कादंबरीने मराठी परंपरेत असे स्थान मिळवावे, ही घटना दुर्मीळच म्हणावी लागेल.

‘रणांगण’ने विचारलेला प्रश्न पुढे जबलपूरच्याच नावाने देशापुढे उभा राहिला. अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल या खटल्यात २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने, आणीबाणीच्या काळात स्थानबद्ध व्यक्तीला आपल्या सुटकेसाठी उच्च न्यायालयाकडे दाद मागता येणार नाही, असा निर्णय दिला. न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांनी एकट्याने भिन्न मत नोंदवले. माणसाचे स्वातंत्र्य शासनाने दिलेल्या कागदावर अवलंबून असते, की कागद असो वा नसो, ते माणूसपणातच असते, हा त्या खटल्याचा गाभा होता. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो बहुमताचा निर्णय चुकीचा ठरवला. या निवाड्याला एक्केचाळीस वर्षे लागली.

हॅर्टाला तेवढा अवधी नव्हता. कायदा चूक सुधारू शकतो, पण ती सुधारणा बहुधा पुढच्या पिढीच्या वाट्याला येते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यासाठी निर्णायक असते ती शेजारी उभ्या असलेल्या माणसाची त्या क्षणीची कृती. सदरच्या छावणीने हे एकदा पाहिले आहे. २७ फेब्रुवारी १९४६ रोजी जबलपूरच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रातील सैनिक हुकूम मोडून बराकींबाहेर पडले होते. परिणाम काय होतील, हे त्यांना ठाऊक होते. चक्रधरला ते धैर्य लाभले नाही. त्याच्या न घडलेल्या कृतीची व्यथा इतक्या निर्भीडपणे मांडणारी ही कादंबरी म्हणूनच केवळ एका विफल प्रेमाची कहाणी ठरत नाही. निर्वासितांच्या बोटी आजही किनाऱ्यांवरून परत लावल्या जात असताना, प्रत्येक किनाऱ्यावर उभ्या असलेल्या चक्रधरला ती आपला प्रश्न विचारीत राहते.